भूतकाळाचं स्टूल

सूनबाईनं उलट बोलणं सोडलं होतं, आणि हे वागणं आत्याबाईंना मुळीच पसंत नव्हतं.

सुनेनं उलट बोलू नये असं सगळ्याच सासवा म्हणतात. आत्याबाईही म्हणत आल्या होत्या. पण एखादी गोष्ट म्हणणं वेगळं आणि ती खरोखर घडून बसणं वेगळं. पूर्वी त्या सकाळी "चहा पाणचट झालाय" म्हणायच्या, त्यावर ओट्याकडून "मग पाणी समजून प्या" असं यायचं, आणि तिथून दिवसाला चाल मिळायची. आता त्या म्हणत, "चहा पाणचट झालाय," आणि ओट्याकडून काहीच येत नसे. सूनबाई नुसती उभी. ओठ हलायचे, नजर छताला लागायची, आणि बऱ्याच वेळानं "हं" एवढा हुंकार बाहेर पडायचा. तोवर चहा निवलेला असे. पाणचट तर होताच.

"घरात माणसं राहतात की फोटो टांगलेत?" त्यांनी एकदा मुलाला विचारलं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून आल्यामुळं घरात तो मधल्या मजल्यावर थांबायचा, म्हणजे ना आईची बाजू घ्यायचा ना बायकोची. "तिचं इंग्रजी चाललंय, आई," तो म्हणाला.

"चाललंय कुठं? अडकलंय म्हण."

आत्याबाई या आता इमारतीतल्या कुणाच्याच खऱ्या आत्या नव्हत्या. तळमजल्यावर पूर्वी त्यांचा एक भाचा राहायचा. तो जागा सोडून गेला, पण जाताना आत्या इमारतीला देऊन गेला. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांच्या कंबरा सैल करणं आणि ते करताना पोटाविषयी दोन शब्द सुनावणं, असा त्यांचा धंदा होता. शाळेत त्या तिसरीपर्यंत गेल्या होत्या. तिसरीनंतर शाळेत काही राहिलं असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तर सूनबाईचं इंग्रजी. ती विमानतळावर कामाला होती. विमानतळ म्हटलं की लोकांना कडक इस्त्री आणि ओठांची लाली आठवते. सूनबाई होती हरवलेल्या सामानाच्या खात्यात, तेही मागच्या गोदामात, तेही रात्रपाळीला. कुणाची बॅग, कुणाची छत्री, कुणाचा एकच बूट, अशांना चिठ्ठ्या बांधून फळीवर लावायचं काम. माणूस एकच बूट कसा हरवतो, आणि उरलेल्या एका बुटात विमानात कसा चढतो, यावर सासूसुनांचं एके काळी चांगलं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते दिवस आठवले की आत्याबाईंना भरून यायचं.

सूनबाई सकाळी घरी पोचायची तेव्हा तिची मुलगी शाळेच्या वाटेला लागलेली असायची. मुलगी परत यायची तेव्हा ही उशीत तोंड खुपसून पडलेली. शाळेत सगळ्यांना आईविषयी बोलायला सांगितलं, तेव्हा पोरगी उभी राहिली, "माझी आई झोपते," एवढं बोलली आणि खाली बसली. बाईंनी आणखी काही सांग म्हटलं, तर म्हणाली, "हळू बोला." हे घरी कळलं त्या दिवसापासून सूनबाईनं ध्यास घेतला की गोदामातून निघायचं आणि पुढच्या खिडकीवर बसायचं. खिडकीला दिवसपाळी होती.

पण खिडकीवर देशोदेशींचे प्रवासी येतात, सामान गेलं म्हणून ओरडतात, आणि ओरडतात ते इंग्रजीत. त्यामुळं आधी तोंडी मुलाखत. पहिल्या खेपेला सूनबाई बिनधास्त गेली आणि बिनधास्त बोलली. बोलता बोलता म्हणाली, "आय हॅव सीन द बॅग येस्टरडे." समोरचा एक साहेब हसला. ओठाच्या कोपऱ्यात, एवढंसंच. "येस्टरडे असेल तर हॅव कसं येईल?" म्हणाला आणि पुढल्या उमेदवाराला बोलावलं.

ते एवढंसं हसू सूनबाईच्या जिभेत काट्यासारखं रुतून बसलं.

वरच्या मजल्यावर विमावाले राहायचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर इंग्रजी पत्रांतून लोकांचे दावे नामंजूर केलेले. त्यांनी तिला शिकवायला घेतलं. नियम तिला एका बैठकीत समजला, आणि समजला तिथंच घात झाला. आता बोलायला तोंड उघडलं की आत दोन दारं दिसायची. यातून जावं की त्यातून? तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असे. बरं, हे दुखणं इंग्रजीपुरतं राहतं तर चाललं असतं. ते मराठीत पसरलं. एके सकाळी दूध गॅसवर होतं आणि सूनबाई पातेल्याशी उभी होती. आत्याबाई यंत्रावरून ओरडल्या, "अगं, दूध बघ."

"दूध उतू गे..." सूनबाई म्हणाली. मग थांबली. "उतू गेलं... उतू गेलं आहे..."

"आधी गॅस बंद कर. मग काय ते ठरव."

त्या दिवशी कोरा चहा पिताना आत्याबाईंनी ठरवलं की आता हे प्रकरण आपण स्वतः हातात घ्यायचं. हातात घेतलेली एकही पँट त्यांनी अर्धी टाकली नव्हती.

पहिलं काम त्यांनी केलं ते विमावाल्यांना खाली बोलावून घेण्याचं.

"साधं आहे, आत्याबाई," विमावाले म्हणाले. समजावून सांगायला मिळालं की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर खाली उतरायचा. "काल, परवा, गेल्या वर्षी, अशी वेळ सांगितली की साधा भूतकाळ. वेळ सांगितली नाही, आणि झालेल्या गोष्टीचा परिणाम अजून समोर आहे, तर पूर्ण वर्तमानकाळ."

"झालेली गोष्ट वर्तमानात येतेच कशी?"

"परिणामाच्या रूपानं येते."

"तुमची पेन्शन येते, तशी?"

विमावाले थोडे दुखावले. "तशी... म्हणायला हरकत नाही."

आत्याबाईंनी शिवणयंत्रामागच्या दांडीकडं पाहिलं. तिथं तयार कपडे टांगलेले असत. "म्हणजे बघा. मी पँट आखूड केली आणि गिऱ्हाईक घेऊन गेलं. विषय मिटला. आणि दुसरी पँट मी आखूड केली, पण नेलीच नाही मेल्यानं. काम झालंय, पँट माझ्या डोळ्यांपुढं लटकतेय. एवढंच ना तुमचं इंग्रजी?"

"थोडंफार तसंच," विमावाले म्हणाले.

यातला 'थोडंफार' हा शब्द आत्याबाईंनी ऐकला नाही. तो ऐकला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण गरजेपुरतं ऐकायची त्यांना सवय होती.

त्यांनी लगेच घरातली मांडामांड बदलली. यंत्राशेजारचं घडीचं स्टूल खोलीच्या एका टोकाला ठेवलं, हातांची खुर्ची दुसऱ्या टोकाला. "हे स्टूल म्हणजे गेलेली पँट," त्यांनी सूनबाईला सांगितलं. "आणि ही खुर्ची म्हणजे लटकलेली. बोलायच्या आधी विचार करत उभं राहायचं नाही. जिथलं वाक्य असेल तिथं जाऊन बसायचं आणि मोकळं व्हायचं. बूड टेकलं की जीभ सुटते."

आणि गंमत म्हणजे ती सुटली. सूनबाई स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "आय लॉस्ट माय की येस्टरडे." उठून खुर्चीवर जायची आणि म्हणायची, "आय हॅव लॉस्ट माय की." मधल्या वाटेवर ती विचार करून घ्यायची, त्यामुळं बसल्यावर वाक्य धाडकन यायचं. नातीला हा खेळ भारी आवडला. आई दिवसाउजेडी जागी आहे आणि वर इकडून तिकडं पळतेय, असं तिनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. आत्याबाई यंत्रावर बसून हुकूम सोडायच्या. "छत्री हरवली, परवा. हां, स्टूल. छत्री सापडली, ही बघ हातात. खुर्ची. चल, पाय उचल."

बातमी इमारतभर झाली. कोपऱ्यावरचा औषधवाला कंबर सैल करून घ्यायला आला आणि कंबर विसरून तिथंच रेंगाळला. "इतका त्रास कशाला?" तो म्हणाला. "समुद्रापलीकडं एका देशात हे बघत नाहीत. तिथं सरळ स्टुलावर बसून सगळं बोलतात. माझा मेहुणा तिकडंच असतो."

"तुमच्या मेहुण्याचं इंग्रजी मी ऐकलंय," विमावाले म्हणाले. "तो जमिनीवर बसून बोलतो."

यावरून दोघांची जिन्यात जी जुंपली ती दिवेलागणीपर्यंत. औषधवाला रागानं सैल झालेली पँट न घेताच गेला, म्हणून आत्याबाईंनी ती मुद्दाम दांडीवर समोर टांगली आणि सूनबाईला म्हणाल्या, "ही बघ. आणखी एक खुर्ची."

खरा पेच पडला तो वेगळाच. एकदा विमावाल्यांनी दारात उभ्या असलेल्या मुलाला सहज विचारलं, "तुमचं लग्न झालं, हे तुम्ही कुठं बसून सांगाल?"

मुलगा इतका वेळ फुकटची मजा बघत होता. तो ऐटीत आला आणि स्टुलावर बसला. "आमचं लग्न झालं. शाळेच्या सुट्टीत. वेळ सांगितली की स्टूल, बरोबर ना?"

"म्हणजे गिऱ्हाईक घेऊन गेलं?" सूनबाईनं विचारलं.

मुलगा स्टुलावरून अर्धवट उठला.

"अगं, नियमानं बसलो मी," मुलगा म्हणाला.

"व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांचं चूक नाही," विमावाले म्हणाले.

"तुमच्या व्याकरणाला बायको आहे का?" आत्याबाईंनी विचारलं. विमावाल्यांना बायको होती, आणि ती त्याच वेळी वरच्या मजल्यावरून "अहो, किती वेळ?" असं विचारत होती. ते मुकाट जिना चढून गेले. मुलगा नंतर खुर्चीवर जाऊन बसला, पण तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवसापासून सूनबाई त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलू लागली, तेही स्टुलावरून.

दुसऱ्या मुलाखतीचा दिवस आला. आत्याबाईंनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की आपण सोबत येणार.

"तुम्ही कशाला?" सूनबाईनं कळवळून विचारलं.

"मी नाही गं येत. स्टूल येतंय. मी फक्त धरायला."

त्यांचा विचार पक्का होता. साहेबांच्या खोलीत हातांची खुर्ची असणारच. साहेब लोकांना त्याशिवाय बसता येत नाही. स्टूल मात्र असणार नाही. म्हणजे सूनबाईला लटकलेलं सगळं बोलता येईल, आणि गेलेलं काही आलं की ती अडकेल. तेव्हा स्टूल इथूनच न्यायचं. उघडं नेणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी त्याला खोळ शिवली. खोळीला कापड कुठलं? दांडीवर कित्येक महिने बेवारस लटकलेली एक राखाडी पँट होती. घडी केल्यावर स्टुलाचे चार पाय जोडीजोडीनं दोन होतात. ते दोन पँटीच्या दोन पायांत बरोब्बर बसले. बिजागऱ्या कुरकुरू नयेत म्हणून त्यांनी शिवणयंत्राचं तेल सढळ हातानं सोडलं.

"आई, ते माणसासारखं दिसतंय," मुलगा म्हणाला.

"मग त्याच्याकडून शीक जरा. सोबत चाललंय बायकोच्या."

विमानतळाच्या दारातच पहिली अडचण आली. आत जायला सोबत्याचा पास लागतो आणि पासवर सोबतीचं कारण लागतं. खिडकीतला कारकून विचारू लागला, "उमेदवार आजारी आहे का?"

"नाही."

"कायद्यानं अज्ञान आहे?"

"ते मी तिच्यासमोर सांगणार नाही," आत्याबाई म्हणाल्या.

कारकुनानं रांगेकडं बघितलं, सुस्कारा सोडला आणि पास दिला. पुढं सिक्युरिटीवाला. त्यानं पँटीत घातलेला तो ऐवज मशीनमधून काढला, पडद्यावर बघितला, पुन्हा काढला.

"यात काय आहे, आजी?"

"स्टूल. आणि आजी घरी."

"कशाला?"

"सुनेला भूतकाळात बसायला."

त्यानं पँटीवरून हात फिरवून पाय चाचपले. मग म्हणाला, "लोखंडी पाय आहेत. वर कचेरीत नेता येणार नाही. इथं ठेवून जा."

आत्याबाईंनी सगळे मार्ग वापरून पाहिले. आधी वयाचा धाक, मग त्याच्या आईची चौकशी, मग त्याच्या गणवेशाची कंबर ढगळ आहे आणि आपण ती येता-जाता आत घेऊन देऊ असं आमिष. कंबरेपाशी तो थोडा विचारात पडला, पण बधला नाही. शेवटी त्यांनी स्टूल एका खांबाला टेकवून उभं केलं. "मी येईपर्यंत नजर ठेव," त्यांनी बजावलं. त्यानं मान डोलावली. माणूस शब्दाचा पक्का होता. पण पाळी बदलायची वेळ झाली तसा तो आपली नजर घेऊन घरी गेला, आणि त्याच्या जागी आलेल्याला आत्याबाईही माहीत नव्हत्या आणि पँटही.

वर मुलाखतीच्या खोलीच्या दाराला काच होती. आत्याबाई बाकावरून उठून काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आत तिघं बसले होते. मधल्या मुख्य बाई बाहेरच्या मुलखातून बदलून आलेल्या, त्यांना आपली भाषा येत नव्हती. एका बाजूला तोच एवढंसं हसणारा साहेब. आणि समोर, आत्याबाईंनी समाधानानं पाहिलं, हातांची खुर्ची.

सूनबाई बसली. मुख्य बाईंनी काही विचारलं. आत्याबाईंना शब्द कळले नाहीत, पण सूनबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना दिसली, तेव्हा प्रश्न भूतकाळाचा होता हे त्यांनी ओळखलं. सूनबाई उठली. स्टुलाच्या दिशेला वळली. स्टूल नव्हतं. ती तशीच उभी राहिली, अर्धवट वळलेली, हात पुढं.

तिघांना वाटलं, हिचं सांगून झालं. "थँक यू," मुख्य बाई म्हणाल्या.

सूनबाई बाहेर आली. रडली असती तरी बरं वाटलं असतं. ती बाकावर बसली, ओठ मिटून, आणि जिन्याकडं बघत राहिली. आत्याबाईंनी आयुष्यात अनेकांची कापडं बिघडलेली पाहिली होती. दुसऱ्या शिंप्यानं बिघडवलेलं कापड समोर आलं की त्यांना चेव यायचा. पण आपल्या हातानं बिघडलेलं कापड कसं दिसतं, हे त्यांनी त्या बाकावर पाहिलं.

"चल," त्या म्हणाल्या. "स्टूल घेऊ आणि जाऊ."

खाली उतरल्या तर अर्धं दालन रिकामं. खांबाभोवती लाल दोरी. दोरीच्या बाहेर प्रवाशांची गर्दी, आत गणवेशातली माणसं, आणि भोंग्यातून एक बाई गोड आवाजात सांगत होती की प्रवाशांनी घाबरून जाऊ नये. त्या आवाजानं जे घाबरले नव्हते तेही घाबरले. मधोमध खांबाला टेकून राखाडी पँटीतलं स्टूल उभं होतं. लांबून खरंच वाटत होतं, कंबरेपासून वर कुणी विसरून गेलंय.

एका शिपायानं मोठा काळा कुत्रा आणला. कुत्र्यानं पँट हुंगली. बिजागऱ्या हुंगल्या. आणि खाली बसला.

गर्दी एकदम मागं सरली. "कुत्रा बसला," कुणीतरी पुटपुटलं. "कुत्रा बसला म्हणजे आत काहीतरी आहे."

"स्टूल बसायलाच असतं," आत्याबाई दोरीखालून आत शिरत म्हणाल्या. "कुत्र्याला कळलं, तुम्हाला कळत नाही. अरे, तेल आहे ते. मशीनचं."

यानंतर काय झालं ते फार वेगात झालं. दोघांनी आत्याबाईंना धरलं. आत्याबाईंना लग्नानंतर कुणी असं दंडाला धरलेलं नव्हतं, आणि त्यांनी ते त्या दोघांना सांगितलं. एक जण विचारत होता, सोबत आणखी कोण आहे. दुसरा सांगत होता, पँटीच्या मालकाचं नाव बोला. आत्याबाईंना ते नाव खरोखरच आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हटल्यावर दोघांचे चेहरे जास्तच गंभीर झाले. बेवारस वस्तू उघडण्याआधी हरवलेल्या सामानाच्या खात्याचा प्रमुख हजर लागतो असा नियम होता, म्हणून वरून मुख्य बाईंना बोलावलं. त्या तरातरा आल्या. मागून हसणारा साहेब.

"हूज इज दिस?" मुख्य बाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी दोरीपलीकडून आवाज आला. सूनबाई दोरी उचलून आत आली होती. इथं खुर्ची नव्हती, आणि स्टूल पुराव्यात जमा होतं. आजूबाजूला बसायला काही म्हणजे काही नव्हतं. ती सासूच्या दंडावरचा शिपायाचा हात काढत उभ्या उभ्याच बोलायला लागली.

बोलायला लागली म्हणजे काय, धरण फुटल्यासारखी बोलली. आत्याबाईंना त्यातलं स्टूल कळलं, चेअर कळलं, पँट कळलं. मदर-इन-लॉ हा शब्द तर पावलापावलावर येत होता, आणि तो आला की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळायच्या. मध्येच सूनबाईनं हातानं पँट आखूड केल्याचं दाखवलं, गिऱ्हाईक निघून गेल्याचं दाखवलं, आणि एक माणूस फिसकन हसला. मग कुत्रेवाला हसला. कुत्रासुद्धा जीभ बाहेर काढून बसला होता.

"काय सांगतेस गं माझ्याबद्दल?" आत्याबाईंनी विचारलं.

सूनबाई बोलतच राहिली.

"मी काय विचारते? लोक का हसतायत?"

"आई, तुम्ही जरा गप्प बसा," सूनबाई मराठीत म्हणाली, आणि मान वळवून पुन्हा इंग्रजीत शिरली.

भर विमानतळावर. कुत्र्यादेखत. आत्याबाई इतक्या थक्क झाल्या की खरोखरच गप्प बसल्या. गणवेशवाल्या दोघांना जे जमलं नव्हतं ते एका वाक्यात झालं होतं, हे त्या दोघांनीही नोंदवलं.

मुख्य बाई प्रश्न विचारत होत्या, सूनबाई उत्तर देत होती, आणि कुठंही छताकडं बघत नव्हती. शेवटी खोळ उसवली. आतून घडीचं स्टूल निघालं. मुख्य बाईंनी ते उघडलं, चक्क त्यावर बसून पाहिलं, आणि सूनबाईला हळूच काही विचारलं. सूनबाई लाजली, हसली, आणि म्हणाली, "चेअर."

नंतर त्या उठल्या, सूनबाईला बाजूला घेऊन थोडं बोलल्या. हसणाऱ्या साहेबाकडं बघून काही म्हणाल्या, तेव्हा तो हसला नाही. लाल दोरी गुंडाळली गेली. भोंग्यातली बाई प्रवाशांना धन्यवाद देऊ लागली. उसवलेली पँट आणि तेलकट स्टूल आत्याबाईंच्या हातात परत आलं.

बाहेर बसथांब्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, दोन्ही काळांची खिचडी केलीस. पण कुणाचं काय हरवलं, कुठं आणि का, ते मला सगळं कळलं. खिडकीवर बसणाऱ्या बाईकडून एवढंच हवं असतं. पुढल्या महिन्यापासून दिवसपाळी. आधी परीक्षेवर ठेवतील. आणि एक अट आहे."

"कसली?"

"मदर-इन-लॉ सोबत आणायची नाही."

आत्याबाईंनी हे ऐकून घेतलं. "आणि ते चेअर काय होतं शेवटी?"

"त्यांनी विचारलं, तुझं लग्न मग अखेर कुठं बसलं."

बस आली. बस सुटली आणि तिच्यासोबत सूनबाईचं तोंडही सुटलं. "तुम्हाला यायला सांगितलं होतं कुणी? स्टुलाला पँट घालतं का कुणी? तेल घालायचं तर थेंबभर घालावं, तुम्ही अंघोळच घातलीत. वर त्या पहारेकऱ्याची कंबर काढलीत. मी उद्या कुठल्या तोंडानं कामावर जाऊ? गोदामातल्या सगळ्या बायका विचारणार, तुझ्या सासूला का धरलं होतं. आणि मला सांगा, दोन खुर्च्यांवर बसून कुणी बोलतं का? तिथं उभी राहिले मी येड्यासारखी, हात पुढं करून, पोरीसाठीची दिवसपाळी गेली असती माझी..." तिनं नाक पुसलं आणि पुन्हा सुरू झाली.

शेजारच्या बाकावरच्या बाईनं आत्याबाईंकडं दयेनं पाहिलं. आत्याबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की ती खिडकीबाहेर बघू लागली. स्टूल मांडीवर घेऊन त्या ताठ बसल्या होत्या. एक शब्द मध्ये न घालता त्यांनी सगळं ऐकलं, वळणावर वळण, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता.

उतरायचा थांबा आला. खाली उतरल्यावर त्यांनी स्टूल सूनबाईच्या काखेत दिलं, पदर सारखा केला.

"झालं बोलून?"

"नाही."

"राहिलेलं घरी बोल. आता माझं ऐक. बाकी सगळं माफ, पण मला गप्प बसा म्हणालीस ते चुकलंच तुझं. ते इंग्रजीत म्हणायचं होतंस. मला कळलं नसतं, आणि त्या बाईंनी तुला आजपासूनच खिडकीवर बसवलं असतं."